खाडा कुणाचा?

वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्या अलकापुरीत एका खासगी बँकेच्या शाखेत कर्जविभागात आहेत. मिस्टर नंदेसरीला एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर, तिन्ही पाळ्या फिरत्या. मुलगी अकरा महिन्यांची. दिवसभर सासूबाई सांभाळतात, पण त्यांचे गुडघे गेलेत आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "हे म्हणतात, अर्धं काम मी करतोच. मी रागाने तीन आठवडे, म्हणजे यांच्या तिन्ही पाळ्या होईपर्यंत, सगळं वहीत लिहून काढलं. बेरीज केली तर मुलीसाठीचे माझे तास जास्त निघाले, पण एवढे काही जास्त नाहीत. मग धापा मीच का टाकते? शिवाय सासूबाईंच्या ऑपरेशननंतर घोडियाघर (पाळणाघर) आणि वरकामाची बाई यातच माझा अर्धा पगार जाणार. दोन-तीन वर्षं नोकरी सोडून घरी बसू का?"

ताई, नोकरीचा प्रश्न आधी नको. तो सगळ्यात शेवटी घेऊ, आणि तिथे पोहोचेपर्यंत तो जरा वेगळा दिसायला लागेल. आधी तुमची वही.

वही लिहिलीत हे फार चांगलं केलंत. माझ्यासमोर येऊन बसणारी बहुतेक जोडपी "मी किती करतो" आणि "मी किती करते" यावर तावातावाने भांडतात आणि लिहिलेला कागद दोघांकडेही नसतो. तुम्ही जे केलंत तेच सरकारही करतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण असतं. घरी येऊन विचारतात, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत, अर्ध्या अर्ध्या तासाचं सांगा. याचा पहिला प्रयोग १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाला. त्यात आपलं गुजरात होतं, मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. देशभरचं सर्वेक्षण २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झालं. २०२४ चे आकडे सांगतात की १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के जणींनी त्या दिवशी घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्याचं काम केलं, पुरुषांपैकी २१.४ टक्क्यांनी. ज्यांनी केलं त्यांचा वेळ बायकांचा सुमारे १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात मुलांबरोबर म्हातारी आणि आजारी माणसंही आली. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यांचा हिशेब वेगळा. त्यात तर, सहा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्या वयांचं धरलं तर, करणाऱ्या बायकांची २८९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांची ८८.

या आकड्यांच्या शेजारी तुमची वही ठेवली तर तुमचे मिस्टर बरे आहेत. बरे कशाला, चांगलेच आहेत. "अर्धं मी करतो" हे ते थोडं फुगवून सांगतात, पण खोटं बोलत नाहीत. म्हणजे भांडण त्या बेरजेवर करून उपयोग नाही, ते तुम्ही हराल.

बेरजेत एक गोष्ट उतरत नाही. तो तास जागचा हलवता येत होता का?

वहीतली मिस्टरांची कामं बघा. सुट्टीच्या दिवशी मालिश आणि अंघोळ. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी कमाटीबागेत फिरवून आणणं. डायपर, दुधाची पावडर, औषधं आणणं. लोळवणं, खेळवणं. प्रेमाने केलेली कामं आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण यातलं कुठलंही काम दोन तास उशिरा झालं, अगदी उद्यावर गेलं, तरी कुणाचं काही अडत नाही. आता तुमची कामं बघा. सकाळचं भरवणं. सासूबाईंच्या ताब्यात मुलगी देण्याआधी तिचं सगळं आटोपणं. संध्याकाळी सातच्या आत घरात पाय टाकणं, कारण सासूबाईंचे गुडघे साडेसहापासून बोलायला लागतात. रात्रीचं उठणं. ताप. लस. यातलं एक काम दहा मिनिटंही सरकत नाही. आणि पगाराच्या नोकरीची टक्कर होते ती या न हलणाऱ्या कामांशीच. मालिशीमुळे कुणाला मेमो मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

सकाळी आठ दहा ते नऊ वीस हा तुमच्या वहीतला पट्टा मी दोनदा वाचला. नाचणीचं सत्त्व कोमट होईपर्यंत डबा भरायचा. मुलगी अर्धी वाटी खाते, अर्धी फ्रॉकवर. फ्रॉक बदलायचा. सासूबाईंची बीपीची गोळी, दुपारची खिमटी मिक्सरमधून काढून झाकून ठेवायची, स्वच्छ लंगोट त्यांच्या हाताला येतील अशा उंचीवर, कारण त्यांना वाकता येत नाही. नऊला काम करणाऱ्या मावशी येतात, त्यांना भांडी काढून द्यायची. नऊ दहाला, साडी नेसून झाल्यावर, मुलीला शी होते. मग लालबागचा पूल, आणि पुढे पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, भरलं असेल तर वळसा. हे सगळं तुम्ही ओळ न् ओळ लिहिलंय. आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात याच पट्ट्यासमोर मिस्टरांच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: "हे घरी". सहा दिवस तेच.

त्या आठवड्यात त्यांना तीन वाजता प्लांटवर हजर व्हायचं असतं. सकाळचे पाच तास ते घरात जागे आहेत आणि तुमचा दिवसातला सगळ्यात अवघड तास तुम्ही एकटीने ओढताय. याचं कारण ते आळशी आहेत असं मला वाटत नाही. "सकाळ तिची" हे कधीतरी बाळंतपणाच्या रजेत ठरून गेलं, तेव्हा ते बरोबरही होतं, आणि रजा संपल्यावर ते परत मांडायला कुणी बसलं नाही. पहिल्या मुलाच्या वेळी हे मी घरोघरी बघते. सव्वीस आठवड्यांत घराची जी घडी बसते ती पुढची सहा वर्षं तशीच राहते.

आता वहीत नसलेलं एक पान लिहून काढा. तुम्ही कामावर परत रुजू झाल्यापासून मुलीसाठी किती खाडे झाले, किती वेळा उशिरा पोहोचलात, किती वेळा "जरा लवकर निघू का सर" म्हणालात. आणि तसंच मिस्टरांचं. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज आहे की हे पान जवळजवळ सगळं तुमच्याच नावाने भरेल.

धापा लागतात त्या इथे. तासांचा फरक थोडा आहे, खाड्यांचा फरक पूर्ण आहे. आणि खाडा हा तेवढ्या दिवसापुरता राहत नाही. तिमाही संपताना मोठी कर्जाची फाइल आली की साहेब ती कुणाला देतात? जो नक्की हजर असेल त्याला. त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो, सोय असते. वर्षाच्या शेवटी अप्रेझलला त्या फाइली मोजल्या जातात. दोन वर्षांनी तुम्हालाच वाटायला लागतं की आपलं काही इथे होणार नाही, मग नोकरी सोडलेली बरी. हे सोडणं तुमचा निर्णय म्हणून नोंदलं जातं, पण तो एकेका तापाने आधीच झालेला असतो.

अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या जोडप्यांबद्दल जे दाखवलं ते आपल्या मांजलपूरला जसंच्या तसं लागू पडतं. काही नोकऱ्या अवेळी, लांब, सांगता न येणाऱ्या तासांसाठी जास्तीचा पैसा देतात. मूल झालं की जोडप्यातला एक जण ती नोकरी धरतो आणि दुसऱ्याला हाकेला ओ देण्यासाठी मोकळं राहावं लागतं. पगाराचं अंतर तिथून वाढत जातं. तुमच्या घरी त्या जास्तीच्या पैशाचं नाव ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, आहे. रात्री अकराला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही की मिस्टर थांबतात. ठरलेल्या तासांपलीकडे थांबलं की कामगाराला कायद्याने दुप्पट दर, त्यामुळे थांबायला कुणाची ना नसते. मी ओटी करू नका म्हणत नाही, घराचे हप्ते मलाही कळतात. पण तो चार तासांचा दुप्पट पैसा कुणाच्या वेळेवर कमावला जातो ते दोघांना माहीत असू द्या. रात्री उशिरापर्यंत थांबून ते दुसऱ्या दिवशी दहाला उठले तर आठ दहाचा पट्टा पुन्हा तुमच्याकडे, आणि तुमच्या बँकेत त्या तासाला दुप्पट सोडा, एकपटही मिळत नाही.

तर माझं म्हणणं असं की तास समान वाटायच्या फंदात पडू नका. खाडे वाटा, आणि न हलणारी कामं वाटा. तास आपोआप मागे येतात.

पाळीवाल्या घरात हे रोजच्या रोज वाटता येत नाही, तीन आठवड्यांच्या फेरीत वाटावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांत गेली कितीतरी वर्षं रिफायनरी, नंदेसरी, मकरपुरा जीआयडीसी, हालोल इथली माणसं असतात, त्यामुळे यावर मी जरा सविस्तर बोलते.

दुसरी पाळी, तीन ते अकरा, हा बापाचा सगळ्यात उपयोगी आठवडा आणि बहुतेक घरांत तोच वाया जातो. रात्री साडेबाराला झोपला तरी माणूस साडेसातला उठू शकतो. त्या आठवड्यात मुलगी उठल्यापासून दुपारी एकपर्यंत पूर्ण त्यांची. भरवणं, शी, अंघोळ, झोप, सगळं. तुम्ही डबा घ्यायचा, पर्स घ्यायची आणि निघायचं. निघताना सूचना द्यायच्या नाहीत. दवाखाना, लस, घोडियाघर बघायला जाणं, हे सगळं याच आठवड्यात टाकायचं. सासूबाईंची ड्युटी मग दुपारी एक ते सात एवढीच उरते.

पहिली पाळी, सात ते तीन. ते चारच्या सुमारास घरी. त्या आठवड्यात संध्याकाळ त्यांची, सासूबाईंना चार वाजता सुट्टी. कमाटीबाग चालू द्या, पण बागेतून आल्यावर मुलगी तुमच्या हातात देऊन टीव्ही नाही. खिमटी, हातपाय धुणं आणि निजवणंही त्यात आलं. तुम्ही साडेसहाला जीव मुठीत धरून पळायचं नाही. तुमच्या शाखेतली उशिरापर्यंत चालणारी कामं, ऑडिटची तयारी, साहेबांना भेटणं, हे जमेल तेवढं या आठवड्यात ओढून घ्या. एरवी पळणारी बाई आठवडाभर सात-सव्वासातपर्यंत थांबते हे कार्यालयाच्या लगेच लक्षात येतं.

रात्रपाळीला मात्र सकाळ मागू नका. आठला घरी आलेला माणूस झोपायलाच हवा. रात्रपाळी करून आलेल्या बापाच्या शेजारी रांगतं मूल सोडून आई कामावर जाते, सासूबाई स्वयंपाकघरात असतात, आणि सगळ्यांच्या मनात असतं की "तो आहे ना घरी". झोपलेला माणूस घरात असतो, हजर नसतो. अकरा महिन्यांचं मूल बाथरूममधल्या अर्ध्या बादली पाण्यातही बुडू शकतं, हे मी घाबरवायला सांगत नाहीये. त्या आठवड्यात ते दुपारी तीनपर्यंत झोपतील. चार ते साडेनऊ मुलगी त्यांची. सकाळचा पट्टा तुमचा, पण तेवढ्या आठवड्यापुरता मावशींना साडेआठला बोलवा आणि त्यांना जास्तीचे पैसे द्या. रात्रपाळीनंतरच्या सुट्टीचा पहिला अर्धा दिवस झोपेचा धरा, नाहीतर त्या दिवशी भांडण होतं, आणि ते मुलीवरून नसतंच.

रात्रीचं उठणं राहिलं. दुसऱ्या पाळीत ते घरी येईपर्यंत रात्रीचं पहिलं उठणं होऊन गेलेलं असतं, त्यानंतरचं त्यांचं. सुट्टीच्या रात्री पूर्ण त्यांची. एरवी तुमची, निदान अंगावरचं चालू आहे तोवर. इथे बरोबरी होणार नाही, आणि ती करायचा हट्टही धरू नका.

आता खाडे. पुरुष मुलीसाठी सुट्टी घेतात तेव्हासुद्धा कारण खोटं सांगतात, हे तुम्हाला माहीत आहे का? "पोट बिघडलंय", "गावी काम निघालं", "गाडी बंद पडली". मुलीला ताप आहे असं सांगितलं तर सुपरवायझर विचारतो, "मग घरवाळी क्यां छे?" या एका प्रश्नाने पुष्कळ बाप गप्प बसलेत. मिस्टरांना सांगा, एकदा खरं कारण सांगा आणि त्या प्रश्नाला उत्तर द्या: ती पण नोकरीवर आहे. पुढच्या वेळी तो प्रश्न येत नाही. पाळी बदलून घेणं, सी-ऑफ (जादा कामाच्या बदल्यातली सुट्टी) वापरणं, हे ते क्रिकेटच्या मॅचसाठी आणि उत्तरायणाच्या पतंगांसाठी करतच असतील. तीच यंत्रणा तापालाही चालते.

ठरवायचं कसं? दोघांच्या शिल्लक रजा एका कागदावर लिहा. मूल आजारी पडलं की पहिला दिवस कुणाचा, दुसरा कुणाचा, हे ताप यायच्या आधी ठरवा. ताप आल्यावर ठरवायला बसलात तर रजा नेहमी तिचीच जाते, कारण त्या क्षणी "तुझं जरा सोपं आहे ना" हे वाक्य येतं. पाळीप्रमाणे नियम करा: दुसऱ्या पाळीत आजारपण आलं तर सकाळ त्यांची आणि तुमची फार तर अर्धी रजा, पहिल्या पाळीत त्यांचा खाडा, रात्रपाळीत तुमचा. तीन फेऱ्यांनंतर कागद काढून बघा. अगदी निम्मे-निम्मे नाही झाले तरी चालतील. पण त्यांच्या बाजूला शून्य असेल तर नियम मोडलाय असं समजा.

एक कबूल केलं पाहिजे की सरकार आणि कायदा या बाबतीत तुमच्या सासरच्यांपेक्षा जुन्या विचाराचे आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पुरुषाला ती फक्त एकटा पालक असेल तर. बापाला मूल झाल्यावर १५ दिवस. खासगी नोकरीत बापाच्या रजेचा कायदाच नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे घोडियाघर सक्तीचं झालं. पन्नासमध्ये पुरुषही मोजायचे ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कारण जुन्या फॅक्टरी कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तरच पाळणाघर लागायचं, आणि मग काही मालक तिसाच्या आतच थांबायचे. पण त्याच दुरुस्तीत घोडियाघरात दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा कुणाला? आईला. बाप त्याच आवारात दहा तास असला तरी त्याचं नाव तिथे नाही.

स्वीडनने १९७४ मध्ये आईबापांपैकी कुणीही घ्यावी अशी रजा दिली. कुणीही म्हटल्यावर घेतली आयांनीच. मग १९९५ मध्ये त्यांनी एक महिना असा ठेवला की बापाने घेतला नाही तर तो बुडतो. तेव्हापासून बाप घरी बसायला लागले. तुमच्या घरात तुम्हाला हेच करायचंय. "दोघांपैकी कुणीतरी घेऊ" म्हटलं की ती तुमची झालीच म्हणून समजा. नाव घालून ठेवा.

तुमच्या उपयोगाची एक गोष्ट त्याच कायद्यात होती, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात अंगावर पाजण्यासाठी दोन वेळा सुटी मिळते. तुमच्याकडे अजून चार महिने आहेत. अलकापुरीहून मांजलपूरला जाऊन येणं शक्य नाही, पण दोन्ही विश्रांती जोडून संध्याकाळी लवकर निघू देता का, हे लेखी विचारा. आणि शाखेत पन्नास माणसं नसतील, तरी बँकेच्या एचआरला घोडियाघराच्या भत्त्याबद्दल विचारायला काय हरकत आहे? न मागता कुणी देत नाही. पत्र मिस्टरांनीही त्यांच्या कंपनीला लिहावं. नंदेसरीच्या प्लांटला बापाकडून असं पत्र आलं तर निदान चहाच्या वेळी चर्चा तरी होईल.

सासूबाईंबद्दल तुम्ही प्रेमाने लिहिलंय, तरी एक टोचणारी गोष्ट सांगते. तुमच्या घरातली सगळ्यात लांब पाळी त्यांची आहे. सकाळी नऊ वीस ते संध्याकाळी सात, साप्ताहिक सुट्टी नाही, ओटी नाही, रिलीव्हर नाही. तुमच्या वहीत त्यांचा रकानाच नाही. तुम्ही दोघं अर्ध्या-अर्ध्यावर भांडताय तो हिशेब त्यांचे दहा तास वगळून मांडलाय. मी इथल्याच विद्यापीठात होम सायन्सला शिकले. तेव्हा आम्हाला गृहिणीच्या वेळेचं नियोजन शिकवायचे. नवऱ्याच्या वेळेचं नाही आणि सासूच्या तर नाहीच नाही. वरची पाळीप्रमाणे वाटणी लावलीत की सासूबाईंचे तास जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. त्यातली एक दुपार त्यांच्या भजनीमंडळाची म्हणून पक्की ठेवा, पाहुण्यांसाठीही ती हलवायची नाही.

घोडियाघर लागणार हे नक्की, म्हणून त्याबद्दलही. अंगणवाडी वाईट नसते, पण तिचे तास नोकरदार आईबापाच्या कामाचे नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी तो पर्याय नाही. घोडियाघर बघायला वेळ ठरवून जाऊ नका. दुपारी एक-दीडला, जेवणं उरकून मुलं झोपायच्या वेळी जा. भिंतीवरची मिकी माऊसची चित्रं बघू नका. लंगोट कोण बदलतं, त्या बाईच्या हाताखाली किती मुलं आहेत आणि ती बाई सहा महिन्यांपूर्वीही तिथेच होती का, हे विचारा. आणि विचारा की तापाचं मूल घेता का. चांगलं घोडियाघर "नाही" म्हणतं. याचा अर्थ असा की तिथे घातल्यावर खाडे थांबत नाहीत, पहिले तीन-चार महिने उलट वाढतात. दहा मुलांची सर्दी एकदम घरी येते. पुढे शाळा सुरू झाली की दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या आणि उन्हाळ्याच्या पाच आठवड्यांच्या सुट्ट्या आहेतच. आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आठवा. शाळा बंद, घोडियाघरं बंद, अर्ध्या शहरात पाणी, आणि ज्यांचे प्लांट शहराबाहेर कोरड्यात होते त्यांना हजर व्हा म्हणून फोन येत होते. तेव्हा घरी कोण थांबलं हे प्रत्येक घराला माहीत आहे.

थोडं तुमच्याबद्दल. वहीच्या कडेला तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, "यांनी केलं, परत करावं लागलं." डायपर सैल बांधला. टोपरं उलटं घातलं. नाचणीत गूळ जास्त. ताई, डायपर गळला तर चादर धुवायची, एवढंच. तेही ज्याने बांधला त्याने. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी तुमचा फोन येता कामा नये. पहिले चार दिवस घरात गोंधळ होईल, सासूबाई तुम्हाला संध्याकाळी साग्रसंगीत वर्णन करून सांगतील, आणि तुम्हाला मनातून थोडं बरं वाटेल की माझ्याशिवाय चालत नाही. त्या बरं वाटण्यापासून सांभाळा, ते महागात पडतं.

आता नोकरी.

घोडियाघराची आणि बाईची रक्कम तुम्ही तुमच्या पगारातून वजा केलीत. मुलगी दोघांची, वजाबाकी एकटीच्या पगारातून, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? दोन्ही पगारांच्या बेरजेतून वजा करा, मग तो अर्धा पगार राहत नाही. दुसरं, पगार म्हणजे हातात येणारा आकडा नव्हे. तुमचा पीएफ थांबेल. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली तरच मासिक पेन्शनचा हक्क येतो. ग्रॅच्युइटीला एरवी सलग पाच वर्षं लागतात, आणि २६ आठवड्यांची प्रसूती रजा त्या सलग नोकरीत धरली जाते. तुमची किती वर्षं झालीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. राजीनामा लिहायच्या आधी नियुक्तिपत्र काढून तारीख बघा. चार वर्षं आणि काही महिने झाले असताना सोडून गेलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यांना सोडताना कुणी सांगितलं नव्हतं. तिसरं, खासगी बँकेत तीन वर्षांनी परत येताना त्याच पदावर येता येईल याची खात्री नसते. आणि मुलगी तीन वर्षांची झाल्यावर कामं कमी होतील हाही एक गोड समज आहे. ज्युनिअर केजी साडेअकराला सुटते.

म्हणून आज राजीनामा नको. आधी तीन महिने, म्हणजे पाळ्यांच्या चारेक फेऱ्या, वरची वाटणी चालवून बघा. त्यानेही जमलं नाही तर बिनपगारी रजा मागा, जवळच्या शाखेत बदली मागा, कमी लक्ष्याच्या विभागात जाता येतं का बघा. सोडणं त्यानंतरचं. मात्र या कामाचा तुम्हाला मनापासून कंटाळा आला असेल आणि मुलगी हे सांगायला सोपं कारण असेल, तर तसं स्वतःशी कबूल करून खुशाल सोडा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मग घोडियाघराच्या फीचं नाव पुढे करू नका. किंवा मुलीलाच काही खास दुखणं असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख अजून ठरलेली नाही हे तुमचं नशीब. डॉक्टरांना थांबण्यासारखं आहे का विचारा, आणि थांबण्यासारखं असेल तर तारीख मिस्टरांच्या पाळीचा चार्ट समोर ठेवून घ्या. गुडघा बदलल्यावर पहिले दीड-दोन महिने त्या मुलीला उचलू शकणार नाहीत, उलट त्यांनाच उठवा-बसवायला माणूस लागेल. म्हणून घोडियाघर ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी सुरू करा, म्हणजे मुलीचं रडणं आणि पहिली सर्दी सासूबाई चालत्याफिरत्या असतानाच होऊन जाईल. दवाखान्याचा पहिला आठवडा मिस्टरांच्या रजेचा. आई त्यांची आहे, आणि रात्री तिथे झोपायला मुलगा असला तर नर्सबाईही नीट बोलतात. घरी आल्यावरचा पहिला आठवडा तुमचा. त्यानंतर दुसरी पाळी येईल असा हिशेब जुळला तर उत्तम, नाही जुळला तर पाळी बदलून मागायचा अर्ज आत्ताच द्यायला सांगा. मुलीला सोळा महिने पूर्ण झाले की बूस्टरचे डोस सुरू होतात, लसीकरणाच्या ममता कार्डावर लिहिलेलं असेल. तो दिवस ऑपरेशनच्या पंधरवड्यात येत नाही ना तेवढं बघून घ्या, कारण त्या सुईनंतर एक-दोन दिवस ताप धरून चालायचा.